मगदूम बाईंची सहाणेवरची स्पर्धा

मगदूम बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत एका यंत्रमानवाच्या पाठीत होता.

रत्नागिरीतलं जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन. हॉलभर टेबलं, टेबलांवर पांढरे कागद, कागदांवर थर्माकोल. थर्माकोलचं धरण, थर्माकोलचा ज्वालामुखी, थर्माकोलचं आदर्श खेडं. आणि मधोमध, पाहुण्यांच्या वाटेतच, शहरातल्या सर्वांत मोठ्या शाळेचा यंत्रमानव. पुठ्ठ्याचा, चंदेरी कागद डकवलेला, डोळ्यांत लाल दिवे. पाहुणे समोर आले की तो दोन्ही हात जोडायचा आणि खर्जात 'सुस्वागतम' म्हणायचा. पाहुणे भलतेच खूश झाले. कौतुकानं वाकून त्यांनी विचारलं, "वा! आणखी काय काय येतं याला?"

यंत्रमानव शिंकला.

एकदा नव्हे, लागोपाठ. दिवे लागले, विझले, मान एका बाजूला कलली. तेवढ्यात बाजूची एक ठेंगणी, भक्कम बाई पुढे आली, यंत्रमानवाच्या पाठीचं झाकण तिनं उघडलं, आत हात घातला आणि घामानं भिजलेला पाचवीतला एक मुलगा दंडाला धरून बाहेर ओढला.

"कुणाचं पोरगं असं उकडत ठेवलंय रे?" त्या म्हणाल्या. त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी पाजलं. पाहुण्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

गंमत अशी की ती शाळा बाईंचीच होती. त्या नव्यानं रुजू झाल्या होत्या, यंत्रमानवाच्या पोटातलं रहस्य त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याहून मोठी गंमत अशी की पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. निकाल आदल्या दिवशीच लागला होता, तो कोण बदलणार! ढाल दरवर्षीप्रमाणे त्याच शाळेच्या कपाटात गेली. आडगावातली पोरं एसटीच्या टपावर मॉडेलं बांधून आली होती, त्यांची अर्धी मॉडेलं घाटातच मोडली होती. ती तशीच मोडकी घेऊन परत गेली.

मी तेव्हा दाराशी आमच्या विज्ञानवादी मंडळाचं पत्रक वाटत उभा होतो. 'थर्माकोलची जत्रा बंद करा!' असा मथळा. बाईंनी ते घेतलं, उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. शेवटपर्यंत वाचणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

"सगळं खरं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "उद्गारचिन्हं जरा जास्त झालीत. आणि उद्या काय करायचं ते लिहायचं राहिलंय."

बाई कोल्हापूरकडच्या. यजमान सरकारी नोकरीत, त्यांच्या बदलीबरोबर त्या समुद्राकाठी येऊन पडल्या. याहून जास्त चरित्र मला माहीत नाही, आणि ते सांगण्यात त्यांनाही रस नव्हता. बोलणं मात्र असं की एका वाक्यात जिल्हा कळावा. तिकडच्या बायकांसारखं त्या 'मी येतो', 'मी जातो' म्हणायच्या. पहिल्या दिवशी वर्गात "मी आता फळ्यावर आकृती काढतो" म्हणाल्या तेव्हा अख्खा वर्ग फिसकन हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "हसून झालं असलं तर मी काढतोच की."

त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम एक स्क्रू-ड्रायव्हर, एक पक्कड आणि पुडीत खारे शेंगदाणे असायचे. शेंगदाणे त्या कुणाच्याही हातावर ठेवायच्या, अधिकाऱ्याच्यासुद्धा. कुणाकडे चहाला गेल्या की घरातल्या बायका स्वयंपाकघरात बोलवायच्या आणि या छताकडे कान लावून बसायच्या. "तुमच्या पंख्याचं काहीतरी सैल आहे हो. स्टूल आहे का?" पदर खोचून वर चढायच्या. रत्नागिरीत त्या काळी एखाद्या घरातला पंखा आवाज न करता फिरायला लागला की लोक ओळखायचे, मगदूम बाई येऊन गेल्या.

आणि त्यांचा तो हुकूम: "हात मागे!"

पोरांनी काही बनवलं, सायकलच्या डायनॅमोवर दिवा किंवा करवंटीची पाणचक्की, की चालवायच्या क्षणी बाई ओरडायच्या, "हात मागे!" पोरानं दोन्ही हात पाठीशी बांधायचे आणि नुसतं बघायचं. चाललं तर यंत्र. हाताशिवाय चाललं नाही तर तो हात चालला. एवढी साधी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

पुढल्या वर्षीच्या प्रदर्शनाची बैठक शिक्षण खात्याच्या कचेरीत होती. मी मंडळाचा प्रतिनिधी म्हणून गेलो होतो, म्हणजे भांडायला. पण भांडायची वेळच आली नाही. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मॉडेलं नकोत. यंत्रांची स्पर्धा घेऊया."

सगळ्या संघांना सारख्याच सामानाची पेटी द्यायची. तीत बांबूच्या कांबट्या, काथ्या, करवंट्या, सायकलच्या तारा, खेळण्यातली मोटार, बॅटरीचे सेल, पोफळीच्या झावळीच्या बुडाची चामड्यासारखी विरी. तिघातिघांनी तिथंच बसून यंत्र जोडायचं. काम सगळ्यांना एकच: एका डब्यातली सुपारी हातभर अंतरावरच्या दुसऱ्या डब्यात टाकायची. हात मागे. आणि शिक्षक आवाराबाहेर.

"परीक्षक कोण?" खात्याच्या साहेबांनी विचारलं.

"परीक्षक कशाला? डबा पत्र्याचा आहे. सुपारी पडली की आवाज येतोच की."

"पण मॉडेलं नसतील तर पाहुण्यांनी बघायचं काय?" हे बाईंच्याच शाळेचे मुख्याध्यापक. दुखणं त्यांचं वेगळं होतं. कपाटातली ढाल त्यांना आत्ताच पातळ दिसायला लागली होती.

"पाहुण्यांनी पोरं बघावीत," बाई म्हणाल्या. "आणि स्पर्धा शहरात नको. आडगावात घेऊ. दरवेळी त्यांनीच का उलट्या करत घाट चढायचा? एकदा आपणही करू."

साहेब माणूस वाईट नव्हते, फक्त थकलेले होते. त्यांनी हो म्हटलं, पण स्पष्ट सांगून: "एक वर्ष बघू. फसलं तर पुन्हा हॉल, पुन्हा टेबलं, आणि तुमचं हे सुपारीचं प्रकरण परत माझ्यासमोर आणायचं नाही." वर मार्चअखेरच्या आत उरकायची अट. खात्याला मार्चअखेर हा एकच सण माहीत.

बाईंनी चिरेवाडीची शाळा ठरवली. आत डोंगरात, कातळावर, एसटीचा शेवटचा थांबा. तारीख परीक्षांच्या आधीची, सुटीला लागून, सोयीची. सगळ्या शाळांना कळवून झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि इथं बाई चुकल्या. ही चूक घाटावरच्या माणसाखेरीज कुणी केलीच नसती. ती तारीख ऐन शिमग्यातली होती, आणि त्या दिवशी चिरेवाडीची पालखी सहाणेवर बसणार होती. सहाण म्हणजे देवाची पालखी टेकवायचा दगडी चौथरा. चिरेवाडीत तो शाळेच्या पटांगणातच होता. मुंबईला कामाला असलेले पुरुष गणपतीला एक वेळ येणार नाहीत, पण पालखी खांद्यावर घ्यायला येतील. बाईंना हे कुणी सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागतं असं कोकणात कुणाला वाटतच नाही. मी देवाधर्माच्या तारखांकडे तत्त्व म्हणून पाठ फिरवलेला. बाईंच्या वर्गातल्या एका मुलीनं अखेर विचारलं, "बाई, पालखी सोडून कोन येल हो?" तेव्हा कुठं उजेड पडला.

कचेरीत हे पोचायला वेळ लागला नाही. साहेब म्हणाले, "पुढची तारीख देता येणार नाही. रद्दच करूया, काय?" मुख्याध्यापक सहानुभूतीनं म्हणाले, "वाईट झालं हो बाई." त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं. 'अंधश्रद्धेच्या पालखीखाली विज्ञान चिरडले!!' बाई म्हणाल्या, "लिही, लिही. मी सकाळच्या गाडीनं चिरेवाडीला जातो. येतोस?"

चिरेवाडीचे गावकर, म्हणजे देवाची सगळी कामं ज्यांच्या मानानं चालतात ते, अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. गोविंद गावकर. उघडे, वाळके, भुवया पांढऱ्या. बाई सरळ त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या ढिगातली एक सुपारी उचलून म्हणाल्या, "गावकर, पालखी सहाणेवर बसली की गाव काय करतं?"

"काय करनार? दुपारची बसते, मानसां जेवतात. उनां उतरली की घराघरात फिरायला निघते."

"मधे पोरं काय करतात?"

"बोंबलत फिरतात."

"मग तेवढा वेळ मला द्या की. बोंबलू देत, पण माझ्या यंत्रांपाशी."

गावकरांनी सुपारी खाली ठेवली. "देवाच्या समोर यंत्रां?"

"देवाला काय बघायला नको का काही? वर्षातनं एकदा तर बाहेर येतोय."

गावकर हसले की खोकले ते कळलं नाही. म्हणाले, "माझ्या हातात नाय, बाय. गाऱ्हाणां घालून कौल लावायला हवा. देव हो म्हनला तर माजां काय जातंय!"

माझं डोकं फिरलं. विज्ञानाच्या स्पर्धेला देवाची परवानगी! मी तोंड उघडलं, तोच बाईंनी माझ्या पायावर चप्पल ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "गप. तिथं हॉल द्यायला साहेब लागतो, इथं पटांगण द्यायला देव लागतो. दोघांपुढं अर्ज द्यायलाच लागतो की. आणि इथला निकाल लगेच लागतोय."

देवळात चारपाच जाणती माणसं जमली. मूर्तीला पाण्यानं फुलं चिकटवली. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. गावकरांनी हात जोडून सूर लावला, "बा देवा म्हाराजा! ही बाय घाटावरना आली हाय. पोरांची यंत्रां चालवायची म्हनते तुज्या सहानेवर. चूकभूल पोटात घाल नि काय तो न्याय दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सर्वांत मोठा आवाज मगदूम बाईंचा.

आम्ही वाट पाहिली. बाई फुलांकडे अशी टक लावून बघत होत्या की मला वाटलं, आता 'हात मागे' म्हणतात की काय. उजवं फूल पडलं. ते का पडलं याची दोनतीन भौतिक कारणं मी जागच्या जागी सांगू शकलो असतो. बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मलाही म्हाईत आहेत. गप चल."

परतीच्या एसटीत लांज्याकडचा एक कंडक्टर होता, त्याला त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात पालखी कधी बसते?" त्यानं वेगळाच दिवस सांगितला. मागच्या बाकावरच्या बाईनं तिसरा सांगितला. प्रत्येक गावाचा दिवस निराळा. बाई एकदम सीटवरनं उठल्या, गाडी वळणावर असताना. "अरे, मग अख्ख्या जिल्ह्याला एका दिवशी एका जागी बोलवायचंच कशाला? पेटी सारखी, काम सारखं, डबा सारखा. ज्या त्या तालुक्यानं आपल्या दिवशी आपल्या पटांगणात करावं. चिरेवाडीत नुसता आपला तालुका. चाललं तर बाकीचे करतील!"

कंडक्टर म्हणाला, "बाई, बसून घ्या, पडाल." त्या बसल्या आणि त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवले.

साहेबांनी मान्य केलं, पण अट तीच: चिरेवाडीत फसलं तर सगळ्या तालुक्यांचं बंद.

आणि तो दिवस! ढोल, ताशे, गुलाल, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचे गॉगल. पालखी सहाणेवर बसली. तिच्यासमोर लाल मातीत रांगेनं पोरांचे संघ मांडी घालून बसले. साहेब जीपनं आले, मुख्याध्यापक त्यांच्याबरोबर. दोघांना खुर्च्या, हातात पोह्यांच्या बशा. शिक्षक सगळे दोरीबाहेर. बाई आत होत्या, पण स्वतःचे हात पाठीशी बांधून.

पहिली पाळी बाईंच्या शाळेची. चकाचक पोरं, मोटार, सेल, तारेचा हात. मुख्याध्यापक पुढे सरकून बसले. "हात मागे!" बाई म्हणाल्या. यंत्राचा हात सुपारी घेऊन उठला, गर्रकन फिरला, आणि सुपारी डब्यावरून उडून थेट साहेबांच्या पोह्यांत. गाव खदाखदा हसलं. दुसऱ्या वेळी हात वाटेतच अडकला. पोराचा हात आपोआप पुढे गेला, नुसतं बोट लावलं असतं तरी सुटलं असतं. मुख्याध्यापक खुर्चीतून पुटपुटले, "लाव, लाव!"

"हात मागे!" बाई कडाडल्या. स्वतःच्या शाळेच्या पोरावर.

पोरानं हात मागे घेतला. तिथून पुढे गावालाच तो हुकूम पाठ झाला. कुणाचीही पाळी येवो, चाकरमानी, म्हाताऱ्या, ताशेवाले, सगळे एका सुरात, "हात मागं!"

एकामागून एक यंत्रं अडत होती. कांबट्या मोडत होत्या, सेल बसत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. डब्यात अजून एकही सुपारी पडली नव्हती. मी बाईंकडे पाहिलं. पाठीमागे बांधलेल्या त्यांच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या.

शेवटी किनाऱ्यावरच्या, आरे-वारेकडच्या शाळेतल्या तीन मुली राहिल्या. त्यांचं यंत्र मोटारीचं नव्हतंच. तरफेच्या एका टोकाला भोक पाडलेली करवंटी, दुसऱ्याला सुपारी. करवंटीत वाळू भरायची. ती गळत गेली की तरफ हळूहळू कलणार आणि सुपारी विरीच्या पन्हळीतून घरंगळत डब्यात जाणार. काम आधीच कळलेलं, म्हणून घरी त्यांनी तसंच यंत्र जोडून कितीदा तरी चालवलं होतं. पेटीतल्या सामानाबरोबर पटांगणात मिळेल ते घ्यायला मुभा होती, म्हणून वाळू काही त्यांनी आणली नव्हती. आणि इथं आजूबाजूला नुसता कातळ. वाळू नाही असं गाव असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं! लाल माती भरून पाहिली, ती सकाळच्या सड्यानं ओलसर, भोकात चिकटून बसली.

थोरली रडकुंडीला आली. "बाई, आता वो?"

"मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "माझे हात मागे आहेत."

मुलीनं इकडेतिकडे पाहिलं. मग उठली आणि तडक पालखीपाशी गेली. तिथं ओटीच्या तांदळांचा ढीग पडला होता. "गावकरांनू, तांदूळ देशाल काय वो? परत देतो."

ढोल बंद पडला. देवाचे तांदूळ! गावकरांनी मुलीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मग ओंजळ भरली आणि तिच्या ओच्यात टाकली. "त्याचेच तांदूळ, त्याच्याच पुढ्यात सांडतात. घे जा."

तांदूळ गळायला लागले. गावकरांनी हात वर करून ताशेवाल्यांना खूण केली. आणि शिमग्यात, अख्ख्या वर्षातल्या सर्वांत गोंगाटाच्या सणात, ते गाव गप्प झालं. कडेवरची पोरंसुद्धा. तांदूळ पडताना त्यांचा बारीक आवाज ऐकू येत होता. तरफ कलली. सुपारी हलली, पन्हळीत जरा रेंगाळली, जणू तिलाही विचार करायचा होता.

टण्ण!

मग जी आरोळी उठली ती वर्णन करायच्या भानगडीत मी पडत नाही. साहेब खुर्चीवरून उठून उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात, कुणी न सांगता, पाठीमागे होते. "करू द्या," ते बाईंना म्हणाले. "सगळ्या तालुक्यांना करू द्या."

ढाल किनाऱ्यावर गेली. मुख्याध्यापकांनी पुढच्या महिन्यात बाईंकडून प्रयोगशाळा काढून घेतली आणि त्यांना शिवणाचे तास दिले. मी चिडलो, पत्रक काढायला निघालो. बाई म्हणाल्या, "नको. शिवणाच्या मशीनला फार छान गिअर असतात. मुलींना सगळी उघडून दाखवलीत."

नंतर यजमानांची बदली विदर्भात झाली. जाण्याआधी त्या माझ्याबरोबर दापोलीला आल्या, तिथल्या तालुक्याची स्पर्धा बघायला. स्पर्धेच्या समितीत आता त्यांचं नाव नव्हतं. मंचावर हार घातलेली नवी माणसं होती, त्यातला एकजण माईकवरून ही कल्पना आपल्याला कशी सुचली ते सांगत होता. दोरीपाशी बिल्ला लावलेल्या एका मुलीनं बाईंना अडवलं. "मावशी, मागे व्हा. आत फक्त मुलं. तुमचं कोन आहे आत?"

"कुणी नाही गं," बाई म्हणाल्या. "मी असंच आलो."

त्या मागे झाल्या आणि पालकांच्या गर्दीत मातीवर बसल्या. मला ते सहन होईना. मंचावर जाऊन माईक हिसकावायचा, ही बाई कोण आहे ते साऱ्या दापोलीला सांगायचं, असं ठरवून मी ताडकन उठलो.

बाईंनी माझा शर्ट खालून ओढला. डोळे त्यांचे पुढे, पोरांवर होते.

"खाली बस," त्या म्हणाल्या. "मागच्यांना दिसत नाही."